विसरणाऱ्यासाठी लिहिलेला ड्रायव्हर

रोझलीन तुस्कानो माझ्या माणिकपूरच्या घरी पहिल्यांदा आली, तेव्हा तिच्या हातात एका जुन्या प्रोग्रामची छापील पानं होती आणि पहिल्या पानावर माझं नाव होतं.

"जयवंत सामंत म्हणजे तुम्हीच ना, सर?"

"मीच. काय झालं?"

"ही एकशे बारावी ओळ. वर तुम्ही लिहिलंय, या ओळीला हात लावू नका. का लावायचा नाही, ते लिहिलेलं नाही."

मी हसून वेळ मारून नेली, पण मनात ओशाळलो. कारण मलाही आठवत नव्हतं. कुठल्याशा घाईत चालत होतं, म्हणून चालू दिलं होतं.

मी निवृत्त होईपर्यंत सत्तावीस वर्षं ड्रायव्हर लिहिले. संगणकाला एखादं यंत्र जोडलं की त्या दोघांना एकमेकांशी बोलतं करणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. रोझलीनने आणलेला ड्रायव्हर मासेमारीच्या बोटीवरच्या यंत्राचा होता. हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तळावरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतं आणि पडद्यावर खोली दाखवतं. आमची छोटी कंपनी पुढे बंद पडली, यंत्र दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि त्या कंपनीचं काम ही मुलगी होळी गावात आपल्या घरी बसून करत होती.

त्या यंत्रात एक दोष होता. अर्नाळ्याचे मच्छीमार पांडू तांडेल ते यंत्र तीनदा माझ्याकडे घेऊन आले होते. "साहेब, पानी दिसतं, मग एकाएकी सगळं थिजतं. पडद्यावर आठ वाव खोल, न् खाली खडक!" मी यंत्र टेबलावर आठ-आठ दिवस चालवून बघितलं. एकदाही थिजलं नाही. शेवटी 'केबल सैल असावी' असं लिहून नवी केबल दिली. चौथ्यांदा पांडू आले नाहीत. मग कळलं की त्यांनी यंत्र कोपऱ्यात टाकून दोरीला शिसं बांधून खोली मोजायला सुरुवात केली. ही गोष्ट मला अकरा वर्षं टोचत राहिली.

हे सगळं मी रोझलीनला सांगितलं. तिने मला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. तिने विचारलं, "थिजायच्या आधी बोट हादरत होती का, हे कुणी विचारलं होतं?"

कुणीच विचारलं नव्हतं.

"मग होळीला याल का, सर? मला यंत्रांचे नियम हवेत. पुस्तकात नसतात ते."

असं माझं मंगळवारी आणि शुक्रवारी होळीला जाणं सुरू झालं. तिच्या वडिलांची, रोनाल्डभाऊंची, केळीची आणि पालेभाजीची वाडी. आईच्या आजारपणात रोझलीन बंगळुरूची नोकरी सोडून घरी आली, आई गेल्यावरही इथेच राहिली. वय चौतीस. बोलणं सावकाश, वडिलांशी मात्र घरच्या बोलीत भरभर. ती बोली मला अर्धीच कळायची. रविवारी चर्चच्या गायनात खालचा दुसरा आवाज धरायची. "वरचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो," रोनाल्डभाऊ म्हणायचे, "हिचा फक्त चुकला तर ऐकू येतो."

ओट्यावरच्या टेबलावर तिचा संगणक, खोली मोजायचं यंत्र आणि शाळेतल्या मुलांची असते तशी एक वही. शिक्षण मराठी माध्यमात झालेलं, त्यामुळे विचार आधी मराठीतच.

तिने मला रस्ट ही भाषा समजावली. मी जन्मभर सी भाषेत लिहिलं. तिथे आपण सांगू ते संगणक करतो, चुकीचं असलं तरी. रस्टमध्ये लिहिलेल्याचा प्रोग्राम बनवणारा कंपायलर तो बनवण्याआधीच प्रत्येक गोष्टीची चौकशी करतो: हिचा मालक कोण, ती कुणाला दिली, कधीपर्यंत दिली. उत्तर पटलं नाही तर प्रोग्राम तयारच होत नाही. पण यंत्र त्या चौकशीच्या बाहेर असतं. यंत्राला मेमरीतली एक जागा द्यावी लागते आणि ते तिथे स्वतःच्या वेळेने लिहितं. तेवढा भाग भाषेला तपासता येत नाही. म्हणून तो 'असुरक्षित' अशी खूण करून वेगळा लिहितात, आणि खुणेच्या वर तो सुरक्षित का आहे याची हमी माणसाने आपल्या शब्दांत द्यायची असते. असे सगळे भाग एका पातळ थरात गोळा करायचे आणि बाकीच्यांनी त्या थराच्या वर ड्रायव्हर लिहायचे, असं तिचं काम.

"तुमची ती ओळ बघा ना," ती म्हणाली. "हात लावू नका असं लिहावं लागलं, कारण हात लावता येत होता. मला तो लावताच येऊ नये असं करायचंय."

तिच्या वहीत प्रत्येक हमी आधी मराठीत असायची. 'ही जागा यंत्राला दिली आहे. यंत्राचं लिहिणं थांबल्याचा निरोप येईपर्यंत ती दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. कारण –' आणि पुढे कोरं. एक 'कारण' नऊ दिवस कोरं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "अजून मलाच पटलेलं नाही." ज्या गोष्टीवर मी तीन मिनिटं घालवली नसती, तिथे ही बाई नऊ दिवस अडून बसली होती. मी शेकडो ड्रायव्हर लिहिले असतील. असं एक वाक्य कधी लिहिलं नव्हतं.

चार महिन्यांनी थर तयार झाला. तिने रचना अशी केली होती: ड्रायव्हरने आपली जागा यंत्राला उसनी द्यायची. त्या उसनवारीवर एक पहारेकरी. काम संपलं की पहारेकरी आधी यंत्राला थांबवणार, मगच जागा परत देणार. मी दोन दिवस ते वाचत होतो. काम देखणं होतं. तरी सवयीने विचारलं, "आणि मी त्या पहारेकऱ्यालाच विसरलो तर?"

रस्टमध्ये एखादी वस्तू 'विसरून जा' असं सांगायची सोय आहे, आणि ते भाषेच्या दृष्टीने सुरक्षित मानलं जातं. विसरलेला पहारेकरी शेवटचं काम करतच नाही. जागा मोकळी होते, आणि यंत्र तिकडे लिहीतच राहतं.

तिने पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला. त्यात असुरक्षित असं काहीच नव्हतं. कंपायलरने एका शब्दाने हरकत घेतली नाही. प्रोग्राम चालवला आणि संगणक थिजला.

"चार महिने, काका," ती म्हणाली. तोपर्यंत मी सर होतो.

ती उठून वाडीत गेली. रोनाल्डभाऊंनी पंप लावला होता. तिने पाण्याची दिशा बदलली, एक वाफा भरू दिला, मग दुसरा. मला वाटलं मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. अर्ध्या तासाने ओल्या पायांनी परत आली. "उसनं द्यायचंच नाही," म्हणाली. "देऊनच टाकायचं." आणि चार महिन्यांचं काम तिने माझ्यासमोर बाजूला काढून ठेवलं.

नव्या रचनेत ड्रायव्हर आपली जागा यंत्राला पुरती देऊन टाकतो. त्यानंतर त्या जागेला हाक मारायलाही त्याच्याकडे काही उरत नाही. यंत्र थांबल्याची खात्री झाली की ती परत हातात येते. मधेच कुणी विसरला, तर जागा कायमची यंत्राकडे राहते. "थोडी मेमरी वाया जाईल," रोझलीन म्हणाली, "पण कुणाच्या लिहिलेल्यावर कुणी लिहिणार नाही. विसरलं तरी चालेल." याला सात आठवडे लागले.

मग तिने मला बसवलं. "तुमचा जुना ड्रायव्हर यावर पुन्हा लिहा. मुद्दाम सुधारू नका. जसा होता तसाच."

मी अडखळत लिहीत होतो. सुरुवातीच्या चुका बालिश होत्या. त्या तीच दाखवायची. दुपारी मी, केबल निघाल्यावर काय करायचं, त्या भागाशी आलो. जुन्या क्रमाने लिहिलं: आधी जागा मोकळी कर, मग यंत्र थांबव. कळ दाबली. पडद्यावर लाल अक्षरं आली आणि दोन खुणा. इथे तुम्ही ही जागा देऊन टाकली आहे. आणि इथे, दिल्यानंतर, ती पुन्हा वापरताय. दुसरी खूण माझ्या जुन्या एकशे बाराव्या ओळीतून जशीच्या तशी आणलेल्या ओळीवर होती.

मला कळायला क्षणभर लागला. बोट हादरली की नवी केबलसुद्धा पळभर सुटत असणार. माझा ड्रायव्हर लगेच जागा मोकळी करायचा. पण यंत्राकडून आलेला शेवटचा तुकडा लिहायचा राहिलेला असायचा, आणि तो भलत्याच कुणाच्या जागेवर जाऊन पडायचा. माझं टेबल कधी हादरलंच नव्हतं.

मी त्या खुणांकडे बघत बसलो. समोर ना समुद्र होता, ना बोट. यंत्रही जोडलेलं नव्हतं. प्रोग्राम एकदाही चाललेला नव्हता. जे मला अकरा वर्षांत दिसलं नाही, ते या मुलीने मांडलेल्या नियमांतून नुसत्या वाचण्याने उघडं पडलं होतं. देवळात उभं असताना बोलावंसं वाटत नाही, तसं काहीसं झालं.

रोनाल्डभाऊ चहा घेऊन आले. "काय झालं, सामंतसाहेब?"

"तुमच्या मुलीने मला चूक करू दिली नाही," मी म्हणालो.

रोझलीन मागे उभी होती. तिने फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या आठवड्यात आम्ही नवा ड्रायव्हर घेऊन अर्नाळ्याला पांडूंच्या बोटीवर गेलो. इंजिन चालू ठेवून रोझलीनने केबल काढली, लावली, पुन्हा काढली. पन्नासेक वेळा. मग पांडूंनी स्वतः ती हिसडली. खोली जायची आणि दोन क्षणांत परत यायची.

"थिजत नाय," पांडू म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तवाच का नाय केलं, साहेब?"

"मला येत नव्हतं," मी म्हणालो. त्यांनी केबल पुन्हा नीट खोचली आणि चहाला चला म्हणाले.

रोझलीनने तो थर लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्या लोकांना ईमेलने पाठवला. जगभरातून प्रश्न आले. पाच वेळा तिने सुधारून पाठवला. एकाने तर नुसत्या एका हमीच्या शब्दरचनेवर महिनाभर घासाघीस केली, आणि ती आनंदाने करत राहिली. शेवटी तो स्वीकारला गेला. सोबतच्या टिपेत, पहिल्या रचनेतला दोष कुणी दाखवला, तिथे तिने माझं नाव घातलं होतं. मग एक दिवस कुठल्या तरी परक्या देशातल्या अनोळखी माणसाचा निरोप आला. त्याने वेगळ्याच यंत्रासाठी तो थर वापरला होता आणि माझ्यासारखीच चूक करताना अडला होता. त्याने आभार मानले होते. रोझलीनने तो निरोप वडिलांना घरच्या बोलीत सांगितला, दोनदा.

परवा शुक्रवारी गेलो तर ती नव्या कामाला लागलेली. यंत्रं वीज वाचवायला झोपतात, त्यांच्यासाठी थर.

"काका, झोपलेल्या यंत्राला मधेच हाक मारली तर काय होतं?"

"बहुतेक वेळा काही होत नाही."

"बहुतेक?"

मी चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि म्हणालो, "थांब, यंत्र चालू कर. बघूया."