पिस्तुलाआधी शिवलेलं पाकीट

पिस्तूल बघायच्या आधीच मी त्याचं पाकीट शिवून घेतलं होतं. चामड्याचं, कमरपट्ट्यात अडकवायचं, वर पितळी बटण. शिवणाऱ्याने माप विचारलं तेव्हा सिनेमातलं आठवून मी हवेत हाताने आकार काढला. तो म्हणाला, "काकी, हे तर सुरमईचं माप झालं." तरी शिवलंच. ते अजून माझ्या माजघरात खुंटीला आहे आणि नातवंडांना त्याला हात लावायची बंदी आहे.

आमचे हे गेल्यावर आरे-वारेच्या वरच्या अंगाची आंब्याच्या कलमांची बाग आणि मी, दोघीच उरलो. डोंबिवलीहून मुलाचा फोन ठरलेला. "आई, वानर कौलं फोडतात ते सोड, उद्या माणूस शिरला तर काय करशील? गुमान इकडे ये." मला बाग सोडून जायचं नव्हतं. वानरांना भिववायला ह्यांची ठासणीची बंदूक होती, परवानाही माझ्या नावावर झाला होता, पण ती गंजलेली. शिवाय निवडणूक आली की तिला चादरीत गुंडाळून, रिक्षात आडवी घालून पोलीस ठाण्यात जमा करायला जायचं. रिक्षावाला विचारी, "काय काकी, मुसळ घेऊन कुठं?" पिस्तूल कसं पर्समध्ये मावेल. पन्नाशीतल्या बाईची अक्कल ती एवढी.

ह्यांचे एक मित्र सैन्यातून कॅप्टन होऊन निवृत्त झालेले, देवरूखला असत. सैन्यातून बाद झालेलं एक पिस्तूल त्यांच्याकडे परवान्यावर होतं आणि आता ते विकायचं होतं. पाकीट पिशवीत घालून मी एसटीत बसले.

त्यांनी ते फडक्यावर ठेवलं. मला वाटलं होतं चकचकीत असेल. काळा रंग कडांना उडून आतलं पांढरं लोखंड दिसत होतं, मुठीवरची नक्षी जवळजवळ सपाट झाली होती. मी बोट फिरवून बघत राहिले. किती हातांत गेलं असेल हे?

"भावोजी, फार झाडलंय वाटतं?"

"छे. झिजलंय ते पुसून पुसून. रोज पुसायचं आणि पट्ट्याला लटकवायचं, बास."

रिकामं करून त्यांनी ते हातात दिलं. मी अंगणातल्या फणसावर नेम धरला. हात आपोआप खाली आला, नेम थेट तुळशीवर. दारातून बघणाऱ्या त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला.

"कशाला हवंय?" कॅप्टननी विचारलं.

"वानरांना."

"ह्याचा नेम बोलण्याच्या अंतरावरचा. वानर कलमाच्या शेंड्याला बसणार, तुमच्याशी बोलायला खाली यायचं नाही. आणि तुमचा परवाना शेतीच्या बंदुकीचा, त्यात हे बसत नाही."

"मग चोरासाठी. त्याचा वेगळा परवाना काढीन."

"चोर कधी आला होता?"

"नाही."

"मग खरं सांगा."

मी पिस्तूल फडक्यावर ठेवलं. "मुलासाठी. घरात पिस्तूल आहे म्हटलं की तो मला न्यायचं बोलणार नाही."

ते हसले नाहीत. मीच म्हटलं, नको हे. रोज पुसत कोण बसणार. आणि पिशवीतून पाकीट काढून त्यांच्यापुढे धरलं, तुम्हाला तरी होईल म्हणून. पिस्तूल त्यात घालून बघितलं तर आत अजून एक मावलं असतं.

त्यांनी पिस्तूल काढून घेतलं, रिकाम्या पाकिटाचं बटण लावलं, ते परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वहिनी, हे बंदच खुंटीला टांगा. आत काय आहे हे विचारायची तुमच्या मुलाची छाती व्हायची नाही."