साका आमच्या बागेतला

पूर्णगडच्या कातळी सड्यावर भास्कररावांची हापूसची बाग आहे, आणि बागेपेक्षा तिचा अभिमान मोठा. "आमच्या आंब्यात साका नाही," हे त्यांनी इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं की गावाला ते पाठ झालं होतं. साका म्हणजे हापूसची चोरटी खोड. वरून फळ देखणं, कापलं की गर पांढरट, भुसभुशीत आणि आंबट. पळसाला पानं तीनच. साका सगळ्यांकडे निघतो, आणि जो तो त्याला शेजाऱ्याच्या बागेतला म्हणून सांगतो.

त्यांची मुलगी सावनी नेमकी याच साक्याच्या मागे लागली. आंब्यावर टिचकी मारायची, आवाज मायक्रोफोनने टिपायचा आणि फळ न कापता संगणकाकडून आतली खबर काढायची. सिग्नल प्रोसेसिंग म्हणतात त्याला. त्यात तिने डॉक्टरेट मिळवली तेव्हा भास्कररावांनी गावभर पेढे वाटले. अट मात्र त्यांनी सुरुवातीलाच घातली होती. "आपला आंबा त्यात घ्यायचा नाही हो. साका आमच्या नावावर छापून यायला नको."

बापाचा शब्द मोडवेना, म्हणून पोरीने बाजारातून मिळतील तसे आंबे आणून काम भागवलं.

पुढची पायरी पोस्टडॉकची, म्हणजे विद्यापीठात पगारी संशोधकाची. सावनीने देशोदेशी अर्ज धाडले आणि नकारांची रांग लागली. एकाने निदान कारण तरी कळवलं. पद्धत छान, पण साक्याची फळं फार थोडी तपासलीत, आंबे कुठल्या बागेतले तेही ठाऊक नाही, मग भरवसा कसा ठेवायचा?

भास्कररावांनी ते तिच्याकडून मराठीत समजून घेतलं. पोरीने दोषाचा एक शब्द काढला नाही, हेच त्यांना जास्त लागलं. पोरीच्या वाटेत आपणच धोंड होऊन बसलो, असं वाटून त्यांना जेवण गोड लागेना.

मेमध्ये नॉर्वेच्या एका प्राध्यापिकेने व्हिडिओवर मुलाखत ठेवली. प्रयोग समोर करून दाखवायचा होता. पिशवी घेऊन बाजाराला निघालेल्या सावनीला भास्कररावांनी पडवीतच अडवलं.

"कुठे चाललीस गो? घरात आढी घातलीय ती काय नुसती बघायला?"

"बाबा, आपले आंबे? साका निघाला तर?"

"निघू दे. नाही निघाला तर त्या बाईला दाखवशील काय?"

मुलाखतीत ते स्वतः फळं पुसून देत होते. सावनी टिचकी मारी, पडद्यावरची रेघ बघे आणि कापायच्या आधीच सांगे. "साका" म्हणाली तिथे पांढरा गर, "स्वच्छ" म्हणाली तिथे केशरी. एकदाही चुकली नाही. प्राध्यापिकेने विचारलं, आंबे कुणाचे? सावनीने वडिलांकडे पाहिलं. तेव्हा भास्कररावांनी कॅमेऱ्यापुढे डोकं घातलं आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "माय मँगो. माय गार्डन. सगळा साका माझा!"

शेवटचं वाक्य सावनीला इंग्रजीत सांगावं लागलं.

थोड्याच दिवसांत नेमणूक कळली. पुढच्या हंगामात बागेतल्या झाडन् झाडाची फळं तपासायचं ठरलं. प्राध्यापिकेचा एकच प्रश्न होता, शोधनिबंधात बागायतदाराचं नाव घातलं तर त्यांची हरकत नाही ना?

"घाल म्हणावं," भास्करराव म्हणाले. "माझ्या वडिलांच्या नावासकट पुरतं घाल. आणि खाली लिही, साका ओळखणारी मुलगीही यांचीच."