विजूच्या टबातलं अळू

"मावशी, आई गेली," एवढंच विजूची मुलगी मीरा मराठीत म्हणाली, आणि मग तिचं इंग्लिश सुरू झालं. हॉस्पिटल, फ्यूनरल होम, फ्लाइट्स... आणि मी फोन कानाला लावून चक्क विजूच्या बाथरूमचा विचार करत होते. तुम्ही म्हणाल, काय बाई आहे! पण इथे पिस्कॅटवे गावात विजूकडे जे कोणी राहून आलेत, त्यांना विचारा. तिच्या गेस्ट बाथरूममधल्या टबात कित्येक वर्षं माणसानं आंघोळ केली नव्हती. तिथे अळू राहायचं. वर रोपं वाढवायचा जांभळट दिवा, खाली मिठाचं पाणी आणि दारावर ठसठशीत अक्षरांत पाटी : 'मला विचारल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही.'

विजू मातीची शास्त्रज्ञ. नोकरीची शेवटची वर्षं ती पॅसिफिकमधल्या एका इवल्याशा देशात शेतीच्या प्रकल्पावर होती. त्या देशाचं नाव घेतलं की आमच्या मराठी मंडळातले निम्मे लोक "म्हणजे कॅरिबियनमध्ये ना?" म्हणायचे आणि ही कपाळावर हात मारून घ्यायची. तिथे जमिनीत मोठे खड्डे खणून, पालापाचोळ्याचं खत घालून अळूचे कंद लावतात. तेच रोजचं जेवण. पण हल्ली मोठ्या भरतीला समुद्र जमिनीतून वर येतो आणि अख्खा खड्डा खारट करून टाकतो. "अगं, लाट आली तर माणूस पळेल तरी! हा तर ताटाखालून येतो," असं म्हणताना तिचे डोळे एवढे मोठे व्हायचे. लोसा ही तिची तिथली शेतकरी मैत्रीण. लोसाचा एक खड्डा मेला होता. दुसराही गेला, तर तिच्या घरानं बेट सोडायचं ठरवलं होतं. विजू रिटायर झाली, पण तो दुसरा खड्डा काही तिच्या डोक्यातून जाईना. म्हणून हा टब. इथल्या दुकानातून कंद आणायचे, कुंड्यांत लावून टबात ठेवायचे, पाण्यात मीठ वाढवत न्यायचं आणि कोण तग धरतंय ते बघायचं. बहुतेक वेळा कोणीच धरायचं नाही. मग ही पुन्हा दुकानात.

एका गणपतीच्या आदल्या दिवशी माझा नवरा, श्याम, तिच्याकडचा गळका नळ दुरुस्त करायला गेला आणि हातात हिरवीगार जुडी घेऊन परत आला. "विजूकडे अळू नुसतं वाया चाललंय गं!" दार सताड उघडं होतं, त्यामुळे पाटी भिंतीकडे... आणि मराठी माणसाला अळूचं पान दिसलं की डोळ्यांपुढे वडीच येणार ना! मी छान कुरकुरीत वड्या केल्या आणि विजूच्याच गणपतीपुढे नेऊन ठेवल्या. दोन खाऊन झाल्यावर तिनं विचारलं, "अळू कुठलं गं?" मी म्हटलं, "तुझंच की!" त्यानंतर जे झालं ते आरतीच्या आवाजातही शेजारपाजारी ऐकू गेलं असणार. "श्याम, अरे तू माणूस आहेस की बकरा?"

मग अबोला. आणि एका सकाळी फोन, "आत्ताच्या आत्ता या! बकऱ्यालाही आण!" आम्ही पोचतोय तोच तिनं आम्हाला हाताला धरून टबापाशी ओढलं. ज्यांना श्यामनं हात लावला नव्हता, त्या कुंड्यांमधली पानं करपून माना टाकून बसली होती. आणि श्यामनं बोडक्या केलेल्या कुंड्यांत? लवलवीत नवी सुरळी! "पानं कमी, म्हणून पाणी कमी ओढलं, म्हणून मीठही कमी! भरतीच्या आधी छाटायचं!" विजू ओरडत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, अहो, बाथरूममध्ये नाचली! श्यामला तर तिनं मिठीच मारली. पुढे तिनं तेच पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि खात्री पटल्यावरच लोसाला कळवलं.

यंदा लोसाच्या बेटावर मोठी भरती आली तेव्हा विजू हॉस्पिटलमध्ये होती. लोसानं आधीच पानं छाटली होती. आता खणून बघेपर्यंत थांबायचं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी असतानाही हिचं एकच पालुपद, "कंद घट्ट आहे का विचार. मऊ पडला असेल तर संपलं." मी म्हणायचे, कळेल गं. तिला नाही कळलं.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी व्हिडिओ आला. लोसा खड्ड्यात उभी, हात कोपरापर्यंत चिखलात. तिनं एक कंद उपसला, धुतला आणि कॅमेऱ्यासमोर धरून त्यावर टकटक वाजवलं. घट्ट! "वी आर स्टेइंग, विजू!" विजू गेल्याचं मीच तिला कळवलं होतं, तरी ती विजूलाच सांगत होती. मी इतकी जोरात किंचाळले की श्याम धावत आला. मग आम्ही दोघं हसत होतो, रडत होतो... काय करत होतो देव जाणे.

मीरा घर विकतेय. बायर्सना टबात अळू कसं चालेल? त्या कुंड्या आता आमच्या टबात आहेत आणि श्याम शॉवर सोडून कोपऱ्यात बादली-तांब्या घेऊन बसतो. परवा पानं इतकी सुंदर झाली होती, म्हटलं, वड्या करू, तिच्या आठवणीनं. कात्री घेऊन गेले, तर हा दारात आडवा.

"विजूला विचारलंस?"

आणि खरं सांगते, मी फोन शोधायला वळले होते.