आगरदांड्याच्या गच्चीवरची खरखर

आमच्या कॉलेजचा उपग्रह जेवणाच्या डब्यापेक्षा थोडाच मोठा. खूप उंचावर हवेचा एक विजेने भारलेला थर असतो. त्यातले इलेक्ट्रॉन मोजून आकडे खाली पाठवायचे, एवढंच त्याचं काम. मुंबईत रेडिओचा गोंगाट फार, म्हणून मी आगरदांड्याच्या आमच्या गच्चीवर अँटेना उभारला. "गावात काही त्रास नाही," असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलंही.

उपग्रह रोज सकाळी डोक्यावरून जायचा, जेमतेम दहा मिनिटं. बारा दिवस त्या दहा मिनिटांत मला फक्त खरखर ऐकू आली. केबल बदलली, जोड पुन्हा सोल्डर केले, खरखर तशीच. शेवटी वैतागून हातात छोटा रेडिओ घेतला आणि आवाज वाढेल तिकडे चालत गेले. पोचले शेजारच्या चाचांच्या पडवीत. कतारची नोकरी सोडून आलेले चाचा आता मासेमारी करत. होडीची बॅटरी एका स्वस्तातल्या चार्जरला लावलेली होती. तो बंद केला, खरखर थांबली.

"चाचा, सकाळी तेवढा हा बंद ठेवाल?"

"माझा चार्जर? उलट तुझ्या गच्चीवरच्या त्या काट्यांनी माझा जीपीएस बिघडवलाय. जाळी टाकली तिथं परत गेलो, तर जाळी न्हाय. तासभर शोधत फिरलो."

"अहो, माझा अँटेना फक्त ऐकतो. काही सोडत नाही."

"तू सांगतेस म्हणून?"

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. "कधी झालं हे?" मी तुसडेपणानेच विचारलं.

"रविवारी, मगरिबच्या नमाजनंतर."

त्याच रविवारी सूर्यावरचं वादळ पृथ्वीवर येऊन धडकलं होतं. तो थर ढवळला की त्यातून येणारे जीपीएसचे संदेश चुकतात. उपग्रहाने ते नक्की मोजलं असणार, दुसऱ्या सकाळी पाठवलंही असणार. आणि मी चाचांचा चार्जर रेकॉर्ड करत बसले होते! उपग्रहाची मेमरी इवलीशी. जुने आकडे केव्हाच पुसले गेले होते.

हे सगळं समजावल्यावर चाचांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून प्लग काढला. संदेश स्वच्छ आला. थर एकदम शांत. आलेख बघायला चाचा गच्चीवर आले.

"यात रविवार कुठाय?"

"नाही मिळाला."

"पायजे तोच दिवस न्हाय," ते चिडून म्हणाले. पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.