थांबायचं कधी

सिंगापूरच्या तोआ पायोह भागातल्या एका क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. एक कोरियन फुटबॉलपटू, मिडफिल्डर, माझा पेशंट होता. आधी कोरियात, मग थायलंडमध्ये आणि शेवटी सिंगापूरमध्ये, असा क्लब बदलत तो खेळत आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि इथल्या क्लबने त्याचा करार वाढवला नाही. वर ‘आता मुलांना शिकव’ असा सल्लाही दिला. मलाही तो पटला.

“चौतिशी झाली. पुरे कर आता,” मी म्हणाले.

तो ताडकन उठून बसला. “गुडघा तुम्ही बघा. थांबायचं कधी, ते मी बघतो.”

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी नऊला क्लिनिक उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. पुढचे पाच महिने त्याने एकही दिवस चुकवला नाही. मग दुसऱ्या क्लबने त्याला चाचणीला बोलावलं आणि संघात घेतलं.

जुन्या क्लबविरुद्धचा त्याचा सामना मी पाहायला गेले. त्याचा संघ हरला. तो मात्र शेवटच्या शिट्टीपर्यंत धावत होता. नंतर लंगडत कुंपणापाशी आला.

“सोमवारी नऊला येऊ?”

“आठला ये,” मी म्हणाले.