मामांची ठासणीची बंदूक

जर्मनीची लढाई लागली त्या सालच्या खंडेनवमीला, दिवस कासराभर वर आलेला असताना, मारुतीच्या पारासमोर, उभ्या गावाच्या देखत आमच्या मामांना ‘भागूबाई’ म्हटलं गेलं. म्हणणारे खुद्द गावचे पाटील, हसणारे बाकीचे सगळे. गुन्हा काय, तर मामांनी आपली बंदूक पूजेला रिकामी आणली. हा अन्याय होता, तो आजवर कुणी दुरुस्त केलेला नाही, म्हणून मी लिहायला बसलो आहे. आधीच बजावून सांगतो: निजामाच्या अख्ख्या मुलखात आमच्या मामांइतका बंदुकीला भिणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि बंदूक बाळगायच्या लायकीचाही दुसरा झाला नाही.

आमचं गाव डोंगरकडा नावाच्या गावाच्या अलीकडं, ओढ्याकाठी. गावात परवान्याच्या बंदुका दोन, एक पाटलांची आणि एक मामांची. दोन्ही ठासणीच्या. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, वर छर्रे, त्यावर पुन्हा चिंधी, मग लोखंडी गजानं ठासायचं आणि शेवटी घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि पुढचं सांगायला नको. अशी बंदूक भरणं सोपं, रिकामी करणं महाकठीण. एकदा ठासलेलं बाहेर काढायचा सरळ रस्ता एकच, उडवून मोकळं व्हायचं. पण दारू आणि छर्रे फुकट कोण घालवतो? म्हणून शेतात रानडुकरं आली नाहीत की आमच्याकडचे लोक बंदूक तशीच भरलेली घरी आणतात आणि खुंटीला टांगतात. खाली लेकरं रांगतात, बाया दळतात, म्हातारे खोकतात, आणि वर मरण टांगलेलं असतं. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘काय होत न्हाई.’ हे तीन शब्द मला कधी सापडले तर मी त्यांना चावडीपुढं उभं करून फटके देणार आहे.

मामा एकटेच असे की घरी येण्याआधी ओढ्याच्या दरडीसमोर उभे राहायचे, पलीकडं गुरंढोरं, गुराखी, सरपण वेचणारी बाई, कुणी नाही ना हे पाहायचे, तीनदा ओरडायचे आणि दरडीत बार काढायचे. सगळ्या हयातीत त्यांनी डुकरं मारली दोन आणि दरड मारली हजारदा. त्या दरडीत इतकं शिसं गेलं होतं की तिथली माती चुलीला नेली तर चूल उचलायला दोन बाया लागतात, असं गावात बोललं जाई. मामी तर पाहुण्यांना सांगायच्या, “आमचे हे शिकारी हायेत. दरडीचे.” मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि बंदुकीला तिळाचं तेल चोळत बसायचे. मामींच्या केसांना ते तेल सणासुदीलाच मिळायचं, बंदुकीला आठवड्यातून दोनदा. सगळ्या घरात मामांना अभिमान वाटावा अशी तीच एक वस्तू होती.

घरी बंदूक आली की मामा गज उचलून नळीत सोडायचे. नळी रिकामी असली की गज तळाला जाऊन ‘टण्’ वाजतो. भरलेली असली तर तो वरच्या चिंधीवर पडतो आणि ‘थप्प’ असा मेलेला आवाज येतो. मामा ‘टण्’ तीनदा वाजवायचे. त्या आवाजावर आमच्या आळीतल्या बाया दिवे लावायच्या. एवढं करूनही ते बंदुकीला रिकामी म्हणायचे नाहीत. त्यांचं वाक्य होतं, “रिकामी बंदूक जगात नसते, बाबा. रिकामी म्हनलेली असते.” मामेबहिणीला पाहायला पाहुणे आले तेव्हा नवऱ्या मुलानं सहज खुंटीकडं हात नेला आणि विचारलं, “भरलेली न्हाई ना?” मामा असे किंचाळले की मुलाच्या हातातला पोह्यांचा वाडगा उडाला. सगळ्या पाहुण्यांना ताटावरून उठवून अंगणात काढलं, तीनदा ‘टण्’ वाजवलं, मग आत घेतलं. सोयरीक मोडली असं धरून मामी पदराला डोळे पुसू लागल्या. पण मुलाचा बाप म्हणाला, “जो मानूस रिकाम्या बंदुकीला इतका जपतो त्यानं पोरीला किती जपलं आसंल!” सोयरीक जागेवर पक्की झाली. नवरा मुलगा मात्र सासुरवाडीला आला की अजूनही भिंतीला पाठ लावून बसत नाही.

आता खरी गंमत. मामांनी बंदूक, दारू आणि टोप्या कधी एका छपराखाली ठेवल्या नाहीत. बंदूक घरात, दारू लांबच्या गोठ्यात, कोरून वाळवलेल्या भोपळ्यामध्ये, आणि टोप्या शेजारी पिंजारी चाचांकडे. चाचा कापूस पिंजायचे, मामांचे बालपणापासूनचे मैतर. दोन घरांच्या मधे एकच भिंत, तीही पऱ्हाट्यांच्या कुडाची, वरून शेणमातीनं लिंपलेली. या घरात शिंकलं की त्या घरातून ‘अल्ला खैर करे’ ऐकू यायचं. डुकरं शेतात शिरल्याची हाळी आली की मामा आधी गोठ्याकडं पळायचे, मग चाचांच्या दारात. चाचा नमाजाला बसलेले असले तर मामा ओट्यावर घाम पुसत थांबायचे. मग चाचा डबी हातात घट्ट धरून विचारायचे, “काहून पायजे? कुठं उडवनार? पल्याड कोन हाय?” हे तिन्ही सवाल मामांनीच त्यांना शिकवले होते, आणि चाचा जबाब बराबर मिळाल्याशिवाय डबी उघडत नसत. एकदा मामा चिडून म्हणाले, “अरे, डुकरं हायेत!” चाचा शांतपणे म्हणाले, “ते झालं पयल्या सवालाचं. दुसरा सांग.” एवढं सगळं होईतो डुकरं पोटभर खाऊन, वर लोळून, सावकाश निघून गेलेली असायची. मामी म्हणायच्या, “तुमी बंदूक गोळा करून राहिले तवर त्याहिचं जेवन झालं, हात धुनं झालं, आता पान खाऊन राहिले आसतील.” मामा म्हणायचे, “जवारी पुढल्या साली पुन्हा येते. मानूस येत न्हाई.”

तर खंडेनवमी. त्या दिवशी गावातली सगळी हत्यारं पारासमोर मांडतात, कोयते, कुऱ्हाडी, विळे, एखादी गंजलेली तलवार आणि त्या दोन बंदुका. आमच्याकडं एक रीत आहे, कुणी घातली देव जाणे: देवीची ओटी रिकामी भरत नाहीत, तशी बंदूकही रिकामी पुजत नाहीत. दारू, छर्रे, टोपी, सगळं शाबूत ठेवून हळदकुंकू वाहायचं. पाटलांची बंदूक अशी नटून पाराला टेकवून उभी होती, घोड्याला झेंडूची माळ गुंडाळलेली. मामांनी आपली शेजारी मांडली, नळीत गज उभा, सगळ्यांना लांबून दिसावं म्हणून. पाटलांनी पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, “काय हो, बंदुकीला नवरात्राचा उपास घातला काय? अहो, मर्दाची वस्तू हाय ती! भागूबाई कुठले!” गाव खदखदून हसलं. चावडीकडून कुणीतरी भर घातली, “ह्यांचा परवाना काढून घ्या आन् छातीच्या मानसाला द्या.” मामा लाल झाले, पण गज काढला नाही.

तेवढ्यात एक शेळी आली. कुणाची होती ते नंतर कुणी कबूल केलं नाही. शेळीला खंडेनवमी कळत नाही, झेंडू कळतो. तिनं माळ तोंडात धरली आणि हिसडा दिला. माळेबरोबर घोडा मागं आला, माळ तुटली, घोडा सुटला, आणि पाटलांच्या मर्दाच्या वस्तूनं असा बार काढला की लिंबावरचे कावळे शेजारच्या गावाला गेले. पाटील त्याच वेळी नारळ उचलायला वाकत होते. छर्रे त्यांच्या फेट्याचा तुरा घेऊन वर गेले. पाटील पूजेच्या नारळांवर बसले, हळदीचं ताट त्यांच्या अंगावर पालथं झालं, आणि लग्नातल्या नवरदेवासारखे पिवळे होऊन ते सगळ्यांकडं पाहू लागले. वरून लिंबाचा पाला पडत होता. मग गुरवाला कंठ फुटला, “देवानं पूजा मानून घेतली!” झालं! लगेच शंख, लगेच गुलाल. पाटलांची बंदूक देवानं स्वतः उडवली, अशी ख्याती पार वारंगा फाट्यापर्यंत गेली. पाटील थोर ठरले, शेळी पवित्र ठरली, आणि आमचे मामा भागूबाई ते भागूबाईच. बार चार बोटं खालून गेला असता तर त्या दिवशी गावानं गुलाल कुणावर उधळला असता, हे मला कुणीतरी सांगावं!

मी तेव्हा हिंगोलीला शिकत होतो आणि हातानं नकला काढून पत्रकं वाटत होतो. संतापानं माझं पत्रक मनात तयार होतं. मामा म्हणाले, “लिवू नको.” मी म्हणालो, “काहून?” ते म्हणाले, “पाटील लई भेले रे. भेलेल्या मानसाला कागद दावू नये.”

त्याच साली हुरड्याच्या दिवसांत मामा बंदूक भरून शेतात बसले होते. डुकरं आली नाहीत, निरोप आला. डोंगरकड्याला दिलेल्या थोरल्या मुलीला नऊ वर्षांनी लेकरू झालं होतं. मामा धावतच घरी आले. धोतराचा सोगा मातीत लोळतोय याचंही भान नाही. मामींना गाडीत घातलं आणि गेले. तीन दिवसांनी परत आले ते नातीच्या नाकाचं वर्णन करत. मी हिंगोलीहून मामांच्या घरी आलो होतो. दिवस मावळायला आलेला. नाकाचं वर्णन अर्ध्यात ठेवून त्यांनी बंदूक काढली. ती घाईत आडवी टांगलेली होती, नळीचं तोंड कुडाकडं. त्यांनी गज सोडला.

थप्प.

मामा खाली बसले. बंदूक मांडीवर, नळी छपराकडं. घोड्याखाली टोपी तशीच होती. कुडाच्या पलीकडं चाची धाकट्या लेकराला थापटून निजवत होत्या, त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मामांनी टोपी काढायला तीनदा हात नेला तेव्हा कुठं ती निघाली. मी म्हणालो, “मामा, उडाली नाही. कुणाला कळलं पण नाही.” हो, हे मीच म्हणालो. मामांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

ते तसेच उठून चाचांच्या दारात गेले आणि ओट्यावर न चढता सगळं सांगितलं. चाचांनी डबी आणून टोप्या मोजल्या. मग म्हणाले, “टोपी मी दिली होती, भाऊ. दिली तर वापस मागनं माझं काम होतं. आदी माझी चूक.” मामा म्हणाले, “चूक माजी हाय.” चाचा म्हणाले, “तीन दिवस डबीत एक टोपी कमी, मला काहून दिसली न्हाई?” दोघांचा आवाज चढत गेला, कुणीच आपली चूक दुसऱ्याला द्यायला तयार होईना. शेवटी आतून चाची म्हणाल्या, “दोघांची आर्धी-आर्धी वाटून घ्या, पन हळू. लेकरू उठंल.” तेव्हा दोघं हसले, आणि हसता हसता मामांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चावडीवर उभे राहिले आणि जे झालं ते गावाला सांगितलं. आजवर ज्या तोंडांनी त्यांना भागूबाई म्हटलं होतं त्याच तोंडांसमोर. पाटील म्हणाले, “उडाली न्हाई ना? मंग झालं काय?” मामा म्हणाले, “उडाली न्हाई हे बंदुकीचं भलेपन. माजं न्हाई.” पुन्हा हशा. मामांनी दरडीत शेवटचा बार काढला, गाडी जुंपली, कळमनुरीला जाऊन बंदूक आणि परवाना तहसिलीत जमा केला, आणि दिवस मावळायच्या आत परत आले. कारकुनानं विचारलं होतं, बंदूक नादुरुस्त आहे का? मामांनी सांगितलं, “बंदूक बराबर हाय. मी विसरून राहिलो.”

त्यानंतर ते आठ वर्षं जगले. संध्याकाळी अंगणात बसायचे. हातांना काम नसायचं, तर डाव्या हाताचा अंगठा उजव्या हातानं चोळत राहायचे. डुकरं यायची, खायची, जायची. नात आली की तिला मांडीवर घेऊन डुकरं मोजायला शिकवायचे. मामींनी मग तिळाचं तेल स्वतःच्या केसांना लावलं नाही. बाटली तशीच कोनाड्यात राहिली, आणि एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, “राहू दे रे. त्याहिला वास बरा वाटतो.”

हे वाचणाऱ्या, तुझ्या घरीही बंदूक असेल. कधीतरी तुझ्या हातूनही राहून गेलं असेल, आणि उडाली नाही म्हणून तू कुणाला बोलला नसशील. आज बोल. नळीचं तोंड ज्याच्या घराकडं होतं त्याच्या दारात जा, ओट्याखाली उभा राहा, आणि त्याच्या तोंडाकडं बघून सांग. उद्या नको. कागद ठेव आणि ऊठ.