शेवटून दुसऱ्या पानावरची शीळ

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे 'चारओळी बाई' म्हणत, तेही तोंडावर, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. शेवटून दुसऱ्या पानावर गेलेल्या माणसांचे फोटो छापले जात. प्रत्येक फोटोखाली चार ओळी असत, आणि त्या चार ओळी गेली सव्वीस वर्षं बाई लिहीत होत्या. या सव्वीस वर्षांत शहरातली एवढी माणसं गेली, पण एकालाही बाईंनी कोरं पाठवलं नाही.

त्यांची एक पद्धत होती. घरची माणसं खिडकीवर येऊन फॉर्म भरून जात, पण त्या फॉर्मवर बाईंचा काडीचा भरवसा नव्हता. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ हे तीन शब्द प्रत्येक फॉर्मवर असायचेच. फॉर्मवरून पाहिलं तर आजवर एकही खडूस माणूस मेलेला नाही. म्हणून बाई घरी फोन लावत आणि तीनच प्रश्न विचारत. हातांनी काय करायचे? घरात शिरताना पहिलं काय बोलायचे? कोणतं काम अर्धं राहिलं? मग पाच-दहा मिनिटं पेन्सिल चावत बसत आणि लिहीत. एका घड्याळदुरुस्तीवाल्यासाठी त्यांनी लिहिलं होतं,

घड्याळं सगळी वेळेवर आहेत,
किल्ली खणात, जिथल्या तिथे.
तुमची एक हाक राहून गेली,
बाकी काही अडत नाही इथे.

छापून आलं त्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. ती काहीच बोलली नाही, मिनिटभर तशीच राहिली आणि तिने फोन ठेवला. याहून मोठी पावती बाईंना कधी मिळाली नाही.

पण काही घरांतून काहीच मिळत नसे. 'चांगले होते. आता अजून काय सांगू?' एवढ्यावर काम आटपायचं. सत्तर वर्षं जगलेल्या माणसाबद्दल घरात कुणाकडे सांगायला एक गोष्ट नसावी, हे बाईंना सहन होत नसे. अशा वेळी बाई पदरचं घालत, आणि पदरी होता धाकटा.

धाकटा म्हणजे बाईंचा भाऊ. बाविसाव्या वर्षी मित्राबरोबर नदीवर पोहायला गेला तो आला नाही. बाहेर जाताना तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून बूट बांधायचा. पावाची कड आधी खायचा, मऊ भाग शेवटी. पेन्सिल कानामागे अडकवायचा आणि तीच पेन्सिल घरभर शोधत फिरायचा. यातली तिसरी पायरी बाईंनी एका बँकेतल्या कारकुनाला दिली. त्यात कुणाचं काय जाणार होतं? पुढच्या वर्षी पुण्यस्मरणाला कारकुनाचा मुलगा पुन्हा फोटो घेऊन आला आणि आपणहून म्हणाला, 'बाबा रोज तिसऱ्या पायरीवर बसून बूट बांधायचे. मी लहानपणी शेजारी बसून बघायचो.' बोलताना त्याचे डोळे भरून आले.

बाईंनी तेव्हाच कानाला खडा लावायला हवा होता. त्याऐवजी त्या खूश झाल्या. सव्वीस वर्षांत धाकट्याचं असं चाळीसेक जणांना वाटप झालं. खुद्द धाकट्यावर मात्र त्यांनी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. घरातलं लिहायला बसलं की हातच चालत नसे.

बाईंना दुसरा एकच नाद होता. समोरच्या वाचनालयातून त्या कादंबऱ्या आणत, पण कुठल्या, तर ज्यात पुढचं जग वाईट निघतं त्या. दुपारच्या सुट्टीत डबा एका हाताला आणि कादंबरी दुसऱ्या हाताला. त्यांनी एक वहीच केली होती. लेखकाने काय भाकीत केलं ते डावीकडे, आणि खरं ठरलं की उजवीकडे बरोबरची खूण. चौकाचौकात कॅमेरे, खूण. खिशातल्या डबीला आपला ठावठिकाणा माहीत, खूण. चेहरा ओळखून उघडणारं दार, खूण, आणि ते तर कचेरीतच बसलं होतं. 'यंत्र कविता करील' हे तीन-चार कादंबऱ्यांत आलं होतं. त्यापुढे बाईंनी 'अशक्य' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या कादंबऱ्यांत एक दिवस जिन्यावर जड बूट वाजत, लिहिणाऱ्यांना उचलून नेत, कागद जाळत. बाईंची इतकी तयारी होती की बूटवाले आले तर त्यांना काय सुनवायचं तेही ठरलेलं होतं.

बूटवाले आले नाहीत. मऊ तळव्यांची पादत्राणं घातलेला एक गोड बोलणारा गृहस्थ लॅपटॉप घेऊन आला. त्याने आधी बाईंच्या खुर्चीची उंची नीट करून दिली. मग म्हणाला, 'बाई, तुमचं काम हलकं होईल बघा. तुमच्या सव्वीस वर्षांच्या ओळींवरच शिकलंय हे. तुमचंच लेकरू समजा.' कचेरीने त्याच दिवशी यंत्राचं बारसं करून टाकलं, कविराज. आता घरचा माणूस फॉर्म भरून खुर्चीवरून उठायच्या आत कविराजांच्या चार ओळी तयार असत. बाईंनी फक्त वाचायचं आणि 'योग्य' लिहिलेलं हिरवं बटण दाबायचं. फोन नको, तीन प्रश्नही नकोत.

कविराज कधी तोंडावर आपटतात याची बाई डोळ्यांत तेल घालून वाट पाहत होत्या. दुसऱ्याच आठवड्यात एका बसचालकाखाली हे आलं.

शेवटचा थांबा मागे पडला,
तरी आरशात बघत होतात.
आम्ही सगळे सुखरूप उतरलो,
एकटे पुढे कुठे जात होतात?

बाईंनी ते तीनदा वाचलं. आपल्याला हे इतकं चांगलं जमलं नसतं, हे त्यांनी मनाशी कबूल केलं आणि त्यांना भारी वाईट वाटलं. घरी जाऊन त्यांनी वहीतलं 'अशक्य' खोडरबराने पुसलं आणि खूण केली.

मग एका मंगळवारी कविराजांच्या ओळींत एक परिचारिका तिसऱ्या पायरीवर बसून बूट बांधताना दिसली. शिकलं असेल आपल्याकडूनच, असं म्हणून बाईंनी बटण दाबलं. बुधवारी एका शिंप्याने पावाची कड आधी खाल्ली. महिन्याभरात अशी पाळी आली की पानावर फोटो नऊ, चेहरे नऊ, आणि सगळ्यांच्या खाली बावीस वर्षांचा एकच मुलगा. बाई वरून खाली वाचत गेल्या आणि पुन्हा वर आल्या. नऊ परकी माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि नवांच्या नवांना त्यांच्या घरचा जिना ठाऊक होता.

त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. एका निवृत्त शिक्षिकेच्या मुलीला विचारलं, 'ते कानामागच्या पेन्सिलचं तुम्ही फॉर्मात लिहिलं होतंत का हो?'

'नाही, फॉर्मात नव्हतं,' ती म्हणाली. 'पण वाचलं आणि आठवलं. आईच्या कानामागे पेन्सिल असायचीच.'

'नक्की?'

'अहो, माझ्या आईचं मला नाही आठवणार तर कुणाला?'

बाईंनी अकरा घरी विचारलं. अकराही घरांनी हेच सांगितलं, वर आभार मानले. मऊ तळव्यांचा गृहस्थ म्हणाला, 'तक्रारी शून्यावर आल्यात, बाई. पूर्वी महिन्याला दोन-तीन तरी असायच्या.' त्या दोन-तीन बाईंच्या काळातल्या होत्या, हे त्याने बोलून दाखवलं नाही, एवढीच त्याची सभ्यता.

पुढे एका पोस्टमनच्या फोटोखाली हे आलं.

जिन्यात दोनदा शीळ वाजायची,
मग कडी, मग तुमची चाहूल.
अजून रोज सहा वाजतात,
दाराशी थांबतं एक पाऊल.

बाईंचा हात बटणावर तसाच राहिला. शीळ त्यांनी कधीच कुणाला दिली नव्हती. त्यांनी सव्वीस वर्षांच्या फाइली धुंडाळल्या, कुठे शीळ नव्हती. आणि तरी ती त्यांना स्पष्ट ऐकू येत होती. दोनदा, आणि दुसरी थोडी खाली उतरणारी. पायरी धाकट्याची, कड धाकट्याची, पेन्सिल धाकट्याची. मग शीळ कुणाची? त्या तिन्हींत ती इतकी चपखल बसत होती की बाईंना ती वेगळी काढता येईना.

घरी आई होती, चौऱ्याऐंशी वर्षांची. भिंग घेऊन आधी ते पान वाचायचं, कोण कोण गेलं ते बघायचं आणि मग चहा, हा तिचा सकाळचा क्रम. बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, 'आई, धाकटा शीळ घालायचा का गं?'

'म्हणजे काय. जिन्यात, दोनदा. दुसरी जरा खाली उतरायची.'

दुसरी खाली उतरते हे त्या चार ओळींत नव्हतं, आणि बाई ते कुणापाशी बोलल्याही नव्हत्या. 'तुला कधीपासून आठवतंय हे?' त्यांनी विचारलं.

'आईला असं विचारतात का?' आई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून सहाच्या सुमाराला ती आपली खुर्ची दाराजवळ ओढून घ्यायला लागली. बाई शेजारी बसत. आई डोळे मिटून घेई, थोड्या वेळाने मान डोलावी आणि म्हणे, 'आला.' तीस वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत कधी दिसला नव्हता.

खरं सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, धाकट्याबरोबर त्या दिवशी नदीवर गेलेला मित्र. आता त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. आईच्या चष्म्याची काडी सैल झाल्याचं निमित्त करून बाई तिथे गेल्या आणि विचारून मोकळ्या झाल्या.

'शीळ? त्याला?' चष्मेवाला हसायला लागला. 'ताई, त्याला कुठली शीळ यायला? पुढच्या दातांत ही एवढी फट. नुसती हवा जायची. आम्ही किती चिडवायचो त्याला. त्या दिवशी नदीवरसुद्धा...' एवढं बोलून तो थांबला आणि काडीचा स्क्रू पिळत राहिला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या दुकानातच हसल्या, खूप हसल्या, आणि मग डोळे पुसत बसल्या. तीस वर्षांनी धाकट्याचं काहीतरी नवं हाती लागलं होतं, आणि ते अजून कुणाला दिलेलं नव्हतं. त्याला जाऊन तीस वर्षं होत होती, त्या दिवशीच्या पानासाठी आपणच लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. घरी येऊन एका बैठकीत लिहिलं.

शीळ तुला कधी जमली नाही,
दातांतून नुसती हवा यायची.
आम्ही हसायचो, तू रुसायचास,
तेवढीच तुझी शीळ असायची.

आईने भिंगातून दोनदा वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला. 'हा कोण?'

'आपला धाकटा, आई.'

'हा आपला नव्हे. आपला शीळ घालतो.' मग तिने बाईंचा हात धरला. 'तू रोज माझ्याजवळ बसून ऐकतेस ना? मग हे कशाला लिहिलंस? हे छापलंस तर तो यायचा नाही.'

बाई दोन दिवस कागद पर्समध्ये घेऊन हिंडल्या. खरा धाकटा त्या कागदावर होता आणि आईचा धाकटा सहाच्या ठोक्यावर जिन्यात. दोघांना एका पानावर जागा नव्हती. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली. खरं काय ते आपल्याला माहीत आहे, चष्मेवाल्याला माहीत आहे, ते कुठे पळून जात नाही. आई आज आहे, उद्या नाही. खिडकीतून त्यांनी इतरांसारखाच फॉर्म घेतला आणि प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ लिहिलं. कविराजांनी ओळी दिल्या. जिना होता, दोन शिळा होत्या, सहा वाजलेले होते. बाईंनी हिरवं बटण दाबलं.

त्या दुपारी त्यांनी वही उघडून पाहिली. सगळ्या कादंबऱ्यांत माणसांची आठवण कुणीतरी हिसकावून घेत होतं. खोडत होतं, जाळत होतं, बदलून छापत होतं, आणि एखादा वेडा जिवावर उदार होऊन कागद लपवत होता. माणसं आपल्या पायांनी येऊन, फॉर्म भरून, आपली आठवण देतील आणि तिच्या जागी त्याहून चांगली घेऊन जातील, हे एकालाही सुचलं नव्हतं. खूण कुठे करायची ते बाईंना कळेना.

पान छापून आलं. आईने ते उशाशी ठेवलं. दुपारी चष्मेवाल्याचा फोन आला.

'ताई, वाचलं. काय लिहिलंत हो.'

'मी नाही लिहिलं.'

'असू द्या. वाचलं आणि एकदम कानात वाजली. दोनदा. दुसरी जरा खाली उतरायची, नाही?'

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. 'तुम्हीच म्हणाला होतात ना, त्याला शीळ येत नव्हती? दातांत फट होती म्हणून?'

'मी?' चष्मेवाला हसला. 'फट माझ्या दातांत होती, ताई. शीळ मला येत नव्हती. चिडवायचा तो मला. त्या दिवशी दुकानात हेच तर बोललो आपण. तुम्ही किती हसलात.'

बाईंनी धाकट्याचं तोंड डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. घरात त्याचा एकच फोटो होता आणि त्यात ओठ मिटलेले होते. त्या त्याला हसवायला बघत होत्या. एकदा नीट हसला असता तर दात दिसले असते. त्यांनी वाट पाहिली. ओठ उघडले नाहीत, त्यांचा चंबू झाला, आणि शीळ ऐकू आली.

'ताई, आहात ना?'

'हो,' बाई म्हणाल्या. 'दोनदाच घालायचा.'